सॅलमँडरसारखा चालणारा आणि पोहणारा रोबोट: पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

उभयचर प्राण्यांवरून रोबोट बांधायचा म्हटलं की डोळ्यांसमोर आधी बेडूक येतो. पण सुरुवात बेडकापासून करू नका. उडीसाठी साठवलेली सगळी ऊर्जा क्षणार्धात सोडावी लागते, उतरताना बसणारा दणका सांध्यांना सोसावा लागतो, आणि हवेत असताना चूक सुधारता येत नाही. सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा शेपटीवाला उभयचर, नवशिक्यासाठी फार बरा. त्याचा वेग कमी, पोट जमिनीलगत, त्यामुळे तोल जाऊन पडायचा प्रश्नच नाही. शिवाय एकाच कण्याच्या जोरावर तो जमिनीवर चालतो आणि पाण्यात पोहतो.

सह्याद्रीत बेडूक आणि देवगांडूळ भरपूर, पण सॅलमँडर नाही. भारतात तो दार्जिलिंगसारख्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात सापडतो. त्यामुळे आपल्याला निरीक्षण व्हिडिओवरूनच करावं लागतं. वरून घेतलेला, संथ गतीतला व्हिडिओ निवडा. बाजूने घेतलेल्या व्हिडिओत पाय दिसतात, पण खरं काम करणारा कणा दिसत नाही.

खाली दिलेला रोबोट साधारण ४५ सेंटिमीटर लांब, ४५० ग्रॅम वजनाचा आणि १४ सर्व्होंचा (सांगितलेल्या कोनावर जाऊन थांबणाऱ्या छोट्या मोटरांचा) आहे. अर्डुइनोवर एखादा सर्व्हो फिरवलेला असेल, सोल्डरिंग येत असेल आणि थ्रीडी प्रिंट काढून घ्यायची सोय असेल तर तो जमण्यासारखा आहे.

## १. आधी लाट समजून घ्या

सॅलमँडर पोहतो तेव्हा पाय मागे घडी करून अंगाला चिकटवतो आणि डोक्यापासून शेपटीकडे सरकत जाणारी लाट अंगातून सोडतो. तीच लाट पाणी मागे ढकलते. चालताना लाटेचं रूप बदलतं. ती सरकत नाही, जागच्या जागी डावी-उजवी होते. खांदा आणि कंबर या दोन ठिकाणी कणा जवळपास वाकत नाही. मधलं धड डावीकडे वळलं की शेपूट उजवीकडे जाते, मग उलट. पहिलीला सरकती लाट म्हणू, दुसरीला स्थिर लाट.

या दोन चालींमधली अदलाबदल कशी होते हे लोझानच्या तंत्रविद्यापीठातील ऑके आयस्पीर्ट यांच्या गटाने बोर्दोच्या जाँ-मारी काबेलगाँ यांच्यासोबत २००७ मध्ये रोबोट बांधून दाखवलं. सॅलमँडरच्या मेंदूच्या एका भागाला सौम्य विद्युत उत्तेजना दिली की तो चालायला लागतो आणि उत्तेजना वाढवली की पोहायला लागतो, हे आधीच माहीत होतं. त्यांच्या ‘सालामांड्रा रोबोटिका’मध्ये कण्याचे सहा सांधे आणि चार गोल फिरणारे पाय होते, म्हणजे एकूण दहा मोटर. चाल ठरवायला एकच आकडा पुरत होता, तो म्हणजे वरून येणाऱ्या उत्तेजनेची पातळी. त्याच गटाच्या पुढच्या ‘प्लुरोबॉट’ला २७ मोटर होत्या. त्याचे सांधे जिवंत सॅलमँडरच्या क्ष-किरण चित्रफितींवरून ठरवले होते, आणि पोहण्यासाठी त्याला जलरोधक पोशाख चढवला जात असे.

आपण दोघांचा मध्य साधणार आहोत. कणा पहिल्यासारखा सहा सांध्यांचा, पाय मात्र गोल फिरणारे न ठेवता प्रत्येकी दोन सर्व्होंचे: एक पाय पुढे-मागे नेणारा, दुसरा उचलणारा. कारण व्यवहारातलं आहे. पूर्ण गोल फिरून आपली जागाही अचूक सांगणारा सर्व्हो महाग पडतो. ‘३६० अंश’ म्हणून विकला जाणारा स्वस्त सर्व्हो नुसता फिरत राहतो, पाय कुठे आहे ते त्याला कळत नाही. तो घेऊ नका.

## २. सामान

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन, कुठूनही घ्या.

- एमजी९०एस सर्व्हो: १४ लागतात, १७ घ्या. दोन-तीन खराब निघतातच.
- ईएसपी३२ डेव्हलपमेंट बोर्ड (वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर, रोबोटचा मेंदू): १
- पीसीए९६८५ हा १६ चॅनलचा सर्व्हो बोर्ड: १
- यूबीईसी (बॅटरीचं व्होल्टेज सर्व्होंसाठी कमी करणारा कन्व्हर्टर), ६ व्होल्ट, सलग ५ अँपिअर किंवा जास्त देणारा: १
- ईएसपी३२ साठी ५ व्होल्टचा छोटा बक कन्व्हर्टर: १
- दोन सेलची लिपो बॅटरी, ८५० एमएएच, आणि तिचा बॅलन्स चार्जर
- ७.५ अँपिअरचा गाडीचा पात्याचा फ्यूज आणि त्याचा होल्डर
- ६२३झेडझेड बेअरिंग (३ मिमी भोक, १० मिमी बाहेरचा व्यास, ४ मिमी जाडी): ६
- एम३ बोल्ट आणि नायलॉक नट, एम२ स्क्रू
- १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचे कपॅसिटर: २
- सिलिकॉन वायर: पॉवरसाठी २० गेज, सिग्नलसाठी २८ गेज
- १०० किलोओम आणि ३३ किलोओमचे रेझिस्टर, प्रत्येकी १
- पोहण्यासाठी: व्यायामाच्या लेटेक्स पट्टीचा रोल, घरकामाचे लेटेक्सचे हातमोजे, सायकलचं पंक्चर काढायचं सोल्यूशन, पातळ प्लास्टिकच्या फाइलचं कव्हर

हत्यारांत मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा हवा. या कामात काटा मल्टिमीटरइतकाच लागतो.

सर्व्हो घेताना दुकानातच वरचा दाता असलेला शाफ्ट पाहा. तो पितळी दिसायला हवा. एमजी९०एसचं स्टिकर लावून प्लास्टिक गिअरचे सर्व्हो सर्रास विकले जातात. चालताना पायावर वजन आलं की त्यांचे दाते झिजतात.

## ३. वजनाचा हिशेब आधी, डिझाइन नंतर

चालताना कर्णरेषेतले दोनच पाय जमिनीवर असतात, उदाहरणार्थ पुढचा उजवा आणि मागचा डावा. म्हणजे ४५० ग्रॅममधले २२५ ग्रॅम एका पायावर. उचलणाऱ्या सर्व्होच्या अक्षापासून पाऊल ३.५ सेंटिमीटरवर असेल तर त्या सर्व्होवर ०.२२५ × ३.५ = ०.७९ किलो-सेंटिमीटर इतका बल-आघूर्ण (टॉर्क) येतो. ६ व्होल्टवर एमजी९०एसची कमाल ताकद साधारण २.२ किलो-सेंटिमीटर असते. आपण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहोत. सलग चालवायला एवढंच ठीक.

रोबोट ८०० ग्रॅमचा झाला किंवा पाय ६ सेंटिमीटरचा केला तर काय होईल ते याच हिशेबाने काढा. पाय लांब केला की रोबोट रुबाबदार दिसतो, पण दोन मिनिटांत सर्व्हो हाताला चटका देतो.

वजनाचं अंदाजपत्रक असं ठेवा: १४ सर्व्हो १९० ग्रॅम, बॅटरी ५० ग्रॅम, बोर्ड आणि कन्व्हर्टर ४० ग्रॅम, वायर-स्क्रू-बेअरिंग ४० ग्रॅम. उरलेले १३० ग्रॅम प्रिंटसाठी. त्यासाठी भिंती १.६ मिलिमीटरच्या ठेवा, आतलं भरण १५ टक्के. प्रत्येक भाग प्रिंट झाल्यावर काट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवा. सगळं जोडून झाल्यावर ६०० ग्रॅम भरलं तर कुठून कापायचं हे कळत नाही.

## ४. सांगाडा

पुढून मागे क्रम असा: खांद्याचं खोकं (डोकं त्यालाच जोडलेलं), धडाचे तीन सांधे, कंबरेचं खोकं, शेपटीचे तीन सांधे, शेवटी पर (माशाच्या कल्ल्यासारखा चपटा पंख). सांध्यांमधलं अंतर धडात ४५ मिलिमीटर, शेपटीत ४० मिलिमीटर. कण्याच्या सगळ्या सर्व्होंचा अक्ष उभा, म्हणजे कणा फक्त डावीकडे-उजवीकडे वळेल, वर-खाली नाही.

नेमका इथेच पहिला मोठा घोटाळा होतो. कण्याचा सर्व्हो वळवायचं काम करतो, पण खांदा आणि कंबर यांच्यामधलं धड पुलासारखं अधांतरी असल्यामुळे त्याच्या शाफ्टवर वाकवणारा भारही येतो. सर्व्होचा शाफ्ट त्या भारासाठी बनवलेला नसतो. सुरुवातीला सगळं बरोबर दिसतं, मग धड मधोमध लोंबायला लागतं, हॉर्नचा (शाफ्टवर बसणाऱ्या दांडीचा) स्क्रू ढिला होतो आणि गिअर अडकतो. उपाय म्हणजे प्रत्येक सांधा दोन बाजूंनी धरायचा. वर हॉर्न, आणि सर्व्होच्या बरोबर खाली त्याच अक्षावर एम३ बोल्ट आणि ६२३झेडझेड बेअरिंग. पुढच्या तुकड्याचा काटा इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचा करा, म्हणजे तो वर हॉर्नला आणि खाली बेअरिंगला धरेल. दोन्ही अक्ष एका रेषेत नसतील तर सांधा वळताना घट्ट-सैल होतो. जोडल्यावर सर्व्हो न लावता सांधा हाताने फिरवा. तो सगळीकडे सारखाच हलका फिरला पाहिजे.

पायांचा क्रम असा की पुढे-मागे नेणारा सर्व्हो खोक्यात उभ्या अक्षावर, आणि उचलणारा सर्व्हो त्याच्या हॉर्नवर आडव्या अक्षाने. पावलाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. पोट आणि शेपटीखालचा भाग मात्र गुळगुळीत ठेवा. पावलाला पकड हवी, शेपटीला घसरण.

## ५. वायरिंग

बॅटरी, फ्यूज आणि यूबीईसी कंबरेच्या खोक्यात ठेवा. ईएसपी३२, पीसीए९६८५ आणि छोटा बक कन्व्हर्टर खांद्याच्या खोक्यात. असं केलं की दोन्ही टोकांना वजन सारखं राहतं.

मागचे सात सर्व्हो (चार पायांचे, तीन शेपटीचे) यूबीईसीकडून थेट पॉवर घेतात. पुढचे सात पीसीए९६८५ च्या स्क्रू टर्मिनलवरून घेतात. सगळा प्रवाह त्या छोट्या बोर्डावरून नेऊ नका. धडातून पुढे तीन जाड वायर येतात: ६ व्होल्ट, बॅटरीचा थेट धन, आणि ग्राउंड. मागे सात बारीक सिग्नल वायर जातात. प्रत्येक सर्व्होची तीन वायरची मूळ केबल तशीच ओढली तर २१ वायरचा जाडजूड जुडगा होतो आणि तो कण्याला वळूच देत नाही. वायर सांध्याच्या अक्षाच्या अगदी जवळून न्या आणि दर सांध्यापाशी थोडी ढील सोडा.

या चार गोष्टी न चुकता करा.

ईएसपी३२ ला वेगळा पुरवठा. १४ सर्व्हो एकदम हलले की ६ व्होल्टची लाइन क्षणभर कोसळते. ईएसपी३२ त्याच लाइनवर असेल तर तो रीसेट होतो, सगळे सर्व्हो पुन्हा मध्यावर उडी मारतात, लाइन पुन्हा कोसळते आणि हे चक्र चालूच राहतं. बॅटरीच्या थेट वायरवरून बक कन्व्हर्टरने ५ व्होल्ट द्या. ग्राउंड मात्र सगळ्यांचा एकच.

पीसीए९६८५ च्या व्हीसीसी या पुरवठ्याच्या पिनला ३.३ व्होल्ट. ५ व्होल्ट दिले तर डेटाच्या दोन्ही लाइन ५ व्होल्टवर ओढल्या जातात आणि ईएसपी३२ च्या पिनांना ते चालत नाही.

पीसीए९६८५ ची ओई पिन ईएसपी३२ च्या एका पिनला जोडा. ही पिन वर गेली की सगळे सर्व्हो आउटपुट बंद होतात. बोट अडकलं, सांधा उलटा गेला, तर वायर उपटण्यापेक्षा हे लवकर होतं.

कपॅसिटर दोन्ही खोक्यांत. एक पुढे, एक मागे, सर्व्होंच्या पॉवर लाइनवर. ध्रुव तपासूनच लावा.

बाजारात सगळीकडे मिळणारा निळा एलएम२५९६ कन्व्हर्टर सर्व्होंसाठी वापरू नका. तो कागदावर ३ अँपिअरचा आहे, आणि इथे क्षणिक मागणी त्याच्या कितीतरी पुढे जाते. ईएसपी३२ ला ५ व्होल्ट द्यायला मात्र तो चालतो.

बॅटरीचं व्होल्टेज मोजायला १०० आणि ३३ किलोओमचा विभाजक लावा. पूर्ण चार्ज झालेल्या ८.४ व्होल्टचे पिनवर साधारण २.१ व्होल्ट दिसतील. पिन ३२ ते ३९ यांपैकीच निवडा. वाय-फाय सुरू असताना दुसऱ्या गटातल्या ॲनालॉग पिन वाचता येत नाहीत, आणि नवशिके इथे तासन् तास अडकतात. बॅटरी ७.० व्होल्टवर आली की प्रोग्रॅमने सर्व्हो बंद केलेच पाहिजेत.

## ६. सर्व्हो मध्यावर आणणं

हॉर्न बसवण्याआधी प्रत्येक सर्व्होला १५०० मायक्रोसेकंदाचा पल्स द्या आणि तो चालू असतानाच हॉर्न सरळ बसवा. पीसीए९६८५ वर ५० हर्ट्झला एक पायरी ४.८८ मायक्रोसेकंदांची असते, म्हणजे १५०० साठी ३०७ हा आकडा. शाफ्टच्या एका दात्याने हॉर्न साधारण १७ अंश सरकतो, त्यामुळे तो अगदी सरळ बसणार नाही. सात-आठ अंशांपर्यंतचा फरक उरतो. तो प्रत्येक सर्व्होसाठी वेगळा मोजून प्रोग्रॅममध्ये १४ आकड्यांच्या यादीत ठेवा. एक अंश म्हणजे सुमारे १० मायक्रोसेकंद धरा.

पल्स मागितल्यापेक्षा कमी-जास्त येत असेल तर बोर्डावरच्या अंतर्गत घड्याळाकडे पाहा. ते २५ मेगाहर्ट्झचं मानलं जातं, पण बऱ्याच बोर्डांत २७ च्या आसपास निघतं. अ‍ॅडाफ्रूटच्या लायब्ररीत ही वारंवारता सांगायचं फंक्शन आहे, ते वापरा.

## ७. प्रोग्रॅम: दहा दोलक आणि एक आकडा

कण्याच्या सहा सांध्यांना आणि चार पायांना प्रत्येकी एक दोलक, म्हणजे ठरावीक तालात फेरे घेणारं गणित, द्या. प्रत्येक दोलकाजवळ दोन गोष्टी असतात: कला, म्हणजे तो फेऱ्यात कुठे आहे, आणि आयाम, म्हणजे तो किती जोरात आहे (० ते १). दर १० मिलिसेकंदांनी हे गणित करा:

कलेचा वेग = २π × वारंवारता + प्रत्येक शेजाऱ्यासाठी [ शेजाऱ्याचा आयाम × जोडणीचा जोर × साइन(शेजाऱ्याची कला − स्वतःची कला − हवा तो फरक) ] यांची बेरीज

आयाम दर वेळी लक्ष्याच्या दिशेने उरलेल्या अंतराच्या ५ टक्क्यांनी सरकवा. त्यामुळे चाल बदलताना झटका बसत नाही.

उत्तेजनेची पातळी १ ते ५ ठेवा. आयस्पीर्ट यांच्या गटाच्या मूळ प्रारूपाप्रमाणे वारंवारता अशा:

- कण्याचे दोलक: ०.२ × पातळी + ०.३ हर्ट्झ, पातळी १ ते ५ पर्यंत
- पायांचे दोलक: ०.२ × पातळी हर्ट्झ, पण फक्त पातळी १ ते ३ पर्यंत. तीनच्या वर त्यांची वारंवारता शून्य आणि आयामाचं लक्ष्यही शून्य.

जोडण्या:

- कण्यात शेजारच्या दोन सांध्यांमध्ये जोर ४. मागचा सांधा पुढच्याच्या एक षष्ठांश फेरा मागे.
- पायाकडून कण्याकडे जोर १२, एकतर्फी. पुढच्या पायांकडून धडाच्या तीनही सांध्यांना, मागच्या पायांकडून शेपटीच्या तीनही सांध्यांना.
- पाय ते पाय जोर ४. डावा-उजवा विरुद्ध, पुढचा-मागचा विरुद्ध, त्यामुळे कर्णरेषेतले आपोआप एकत्र.

पाय सुरू असतात तेव्हा त्यांचा जोर कण्याच्या आपल्या लाटेवर मात करतो. धडाचे तीन सांधे एकसाथ आणि शेपटीचे त्यांच्या उलट हलतात, म्हणजे स्थिर लाट. पातळी तीनच्या वर गेली की पायांचा आयाम शून्याकडे जातो, त्यांचं खेचणं संपतं आणि कण्याची सरकती लाट आपसूक उमटते. चालणं आणि पोहणं अशा दोन वेगळ्या प्रोग्रॅमची गरजच पडत नाही. वारंवारतेतली उडीही याच कारणाने दिसते. पातळी २ वर रोबोट ०.४ हर्ट्झने चालतो, पातळी ४ वर १.१ हर्ट्झने पोहतो.

समीकरणातला ‘शेजाऱ्याचा आयाम’ हा गुणक विसरू नका. तो गाळला तरी चालणं अगदी नीट होतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. पोहायला सांगितलं की मात्र थांबलेले पाय कण्याला धरून ठेवतात आणि रोबोट पाण्यात नुसता थरथरतो.

आता कलेपासून कोन. डावीकडे वळणं धन माना, आणि पाय पुढे असणंही धन.

- धडाच्या सांध्याचा कोन = १२ अंश × आयाम × कोसाइन(कला). धडाची कला पुढच्या उजव्या पायाच्या कलेशी जुळवा.
- शेपटीचा तसाच, पण मागच्या उजव्या पायाशी जुळवा.
- पाय पुढे-मागे: २५ अंश × आयाम × कोसाइन(कला)
- पाय उचलणं: −साइन(कला) मधून ०.३ वजा करा. उत्तर ऋण आलं तर शून्य धरा, धन आलं तर ३५ अंशांनी आणि आयामाने गुणा.

ते ०.३ वजा केल्यामुळे पाऊल फेऱ्यातला सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर राहतं. वजा केलं नाही तर एक जोडी उचलते त्याच क्षणी दुसरी टेकते, आणि दर पावलाला पोट आपटतं.

हे सगळं आधी सर्व्होशिवाय चालवा. अर्डुइनोच्या सीरियल प्लॉटरवर सहा सांध्यांच्या रेषा काढा. पातळी २ ला पहिल्या तीन रेषा जवळपास एकमेकींवर आणि उरलेल्या तीन त्यांच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या दिसायला हव्यात. पातळी ४ ला सहाही रेषा एकामागून एक सारख्या अंतराने सरकलेल्या. रेषा वेड्यावाकड्या उड्या मारत असतील तर गणिताचा टप्पा १० मिलिसेकंदांऐवजी लांबतोय. डिले फंक्शन आणि अवास्तव प्रिंट काढून टाका.

## ८. जमिनीवर पहिली चाल

रोबोटला डब्यावर ठेवा, पाय हवेत. पातळी १. वरून बघत धड पूर्ण डावीकडे वळेल त्या क्षणी ओई पिन वर करून सर्व्होंचे सिग्नल बंद करा आणि पाय पाहा. पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय सगळ्यात पुढे असायला हवेत, आणि दोन्ही नुकतेच टेकलेले.

या एका तपासणीवर सगळी चाल अवलंबून आहे. पाय २५ अंश पुढे आणि २५ अंश मागे जाऊन पावलाला साधारण ३ सेंटिमीटर देतो. धडाचे तीन सांधे मिळून ३६ अंश वळतात, म्हणजे खांदा सरळ रेषेपासून दोन्हीकडे १८ अंश फिरतो. पाऊल शरीराच्या मध्यरेषेपासून ६.५ सेंटिमीटरवर असेल तर या फिरण्याने आणखी ४ सेंटिमीटर मिळतात. अर्ध्याहून जास्त पाऊल कणा टाकतो. जुळणी उलटी झाली तर ते ४ सेंटिमीटर वजा होतात, आणि रोबोट जोरजोरात वळवळत जागेवर राहतो किंवा चक्क मागे सरकतो. नवशिके अशा वेळी पाय घसरतोय असं समजून रबर बदलत बसतात. आधी धडाच्या तीन सांध्यांचं चिन्ह उलटं करून पाहा.

मग जमिनीवर, पण गुळगुळीत टाइल्सवर नको. सतरंजी किंवा कोबा बरा. रोबोट सरळ न जाता एका बाजूला वळत असेल तर बहुधा मध्याच्या यादीतला एखादा आकडा चुकलेला असतो. मुद्दाम वळवायचं असेल तर धडाच्या तीनही सांध्यांत ५ ते ८ अंशांची कायमची भर घाला.

पाच मिनिटं चालवून प्रत्येक सर्व्होला हात लावा. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथे सांधा घट्ट आहे किंवा बेअरिंगचा अक्ष चुकलाय. पाण्यात जाण्याआधी हे मिटायलाच हवं, कारण पोशाखात उष्णता बाहेर पडत नाही.

## ९. पोशाख

एमजी९०एस जलरोधक नाही. १४ सर्व्हो एकेक करून ग्रीसने बंद करण्यात वेळ जातो आणि पाणी तरीही शिरतं. अख्ख्या रोबोटला लेटेक्सचा अंगरखा शिवण्याऐवजी चिकटवून करा.

वर एक पट्टी, खाली एक पट्टी, जोड दोन्ही कुशींवर. पायांसाठी हातमोज्यांची बोटं कापून लावा. पंक्चरचं सोल्यूशन नैसर्गिक रबरावरच पकडतं, त्यामुळे हातमोजे लेटेक्सचेच हवेत. नायट्रिल किंवा पीव्हीसीवर जोड उकलतो. लेटेक्सवर पावडर असते ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा, दोन्ही बाजूंना पातळ थर लावा, तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्या आणि मग दाबा. जोड किमान १२ मिलिमीटर एकावर एक हवा. खोलीत वारा खेळता ठेवा आणि जवळ आग नको.

लांबीला १५ टक्के कापड जास्त ठेवा. तंग पोशाख प्रत्येक सांध्याला परत ओढतो आणि सर्व्हो सतत गुणगुणत राहतात. पोशाखाचं तोंड मानेच्या वर, पाण्याबाहेर राहील असं ठेवा. तीन घड्या गुंडाळून क्लिप लावा.

आधी रिकाम्या पोशाखात कोरडा टिश्यू पेपर आणि वजनासाठी एक दगड घालून बादलीत अर्धा तास बुडवा. टिश्यूवर ओला ठिपका जिथे दिसेल तिथेच गळती. हे केल्याशिवाय रोबोट आत घालू नका. लिपो बॅटरी आणि पाणी यांची गाठ पडू द्यायची नाही.

## १०. पाण्यात

लहान मुलांचा हवेचा टब पुरतो, पाणी २० सेंटिमीटर. पोशाखातली हवा सिरिंजने काढा, नाहीतर रोबोट फुग्यासारखा तरंगतो आणि शेपूट हवेत हलते. तरीही जास्त तरंगत असेल तर पोटाखाली बाहेरून नट बांधा, पाठ जेमतेम पाण्याबाहेर दिसेपर्यंत. वजन पोटाखालीच हवं. पाठीवर बांधलं की तो उलटतो. पाण्यातून चालत बाहेर यायचं असेल तर सगळं मिळून ५५० ग्रॅमच्या वर जाऊ नका, आणि तेही दोन-तीन मिनिटांपुरतंच. तिसऱ्या पायरीतला हिशेब इथे पुन्हा लावा: पायावर ०.९६ किलो-सेंटिमीटर येतो.

पोहताना पाय मागे ७० अंशांवर घडी करून ठेवा. कण्याचा कोन पुढून मागे वाढता हवा, पहिल्या सांध्याला ८ अंश, शेवटच्याला २५. सगळीकडे सारखाच ठेवला तर डोकं इतकं हलतं की रोबोट पुढे कमी आणि आडवा जास्त जातो. फाइलच्या कव्हरमधून ५ ते ६ सेंटिमीटर उंचीचा पर कापून शेपटीला बाहेरून लावा. रोबोट मागे पोहायला लागला तर कण्यातल्या ‘एक षष्ठांश फेरा’ या फरकाचं चिन्ह उलटं पडलंय.

वाय-फायचा सिग्नल पाण्याखाली काही सेंटिमीटरांतच मरतो. ईएसपी३२ असलेलं डोकं पाण्यावर राहील असा तोल ठेवा, आणि दोन सेकंद आदेश आला नाही तर सर्व्हो बंद होतील अशी ओळ प्रोग्रॅममध्ये घाला.

बाहेर काढल्यावर आधी बाहेरून पुसा, मग तोंड उघडा. बॅटरी काढून वेगळी ठेवा. तिला पाणी लागलं असेल किंवा ती किंचितही फुगली असेल तर पुन्हा चार्ज करू नका. पोशाख आतून-बाहेरून वाळवून टाल्कम पावडर लावा आणि सावलीत ठेवा. ऊन, तेल आणि व्हॅसलीन लेटेक्सला लवकर खातात. पुढच्या वेळी पाण्यात जाण्याआधी टिश्यूची चाचणी पुन्हा करा, विशेषतः पायांच्या मुळाशी, कारण जोड तिथेच पहिल्यांदा सुटतो.